अजिंठ्याच्या भिंतीपुढे

अजिंठ्याच्या चित्रांत रचनेची शिस्त नाही, असे विधान आम्ही पूर्वी एका व्याख्यानात केले होते. ते आज मागे घेत आहोत. तेव्हा सारी लेणी आम्ही एका दुपारीच उरकली होती! या खेपेस मुक्काम फर्दापूरला ठेवला आणि तीन दिवस बहुतांशी सतराव्या लेण्यात काढले. सेमिनरीत इटालियन चित्रांवर पोसलेली आमची दृष्टी भिंतीवर एकच चौकट, एकच क्षण शोधीत होती. विश्वंतर जातकात तर तोच राजपुत्र पुनःपुन्हा भेटतो. दुसऱ्या दिवशी उमगले, की इथे प्रसंग बहुधा काळाच्या नव्हे, स्थळाच्या ओढीने एकत्र येतात. महालातले महालापाशी, अरण्यातले अरण्यात. विद्या देहेजिया यांनी हे विशद केले आहे. पण वाचूनही आम्हांला ते दिसले नव्हते. १९२०–२२ साली इटालियन जीर्णोद्धारकांनी चढविलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले, त्याने काही रंग आजही झाकोळतात. तरीही राजपुत्राची मुले मागून नेणारा जूजक स्पष्ट दिसतो. त्याचे ते दात विचकून हसणे चित्रकाराने किती निर्दयपणे टिपले आहे! त्यापुढून आम्हांला लवकर हलवेना.