मुखपट्टीमागची आग

वू लिएन-तेह म्हटलं की मुखपट्टी आठवते. १९१०चा मांचुरियातला प्लेग श्वासातून पसरतो, हे त्यांनी ओळखलं. ते न मानणारे, मुखपट्टी न बांधणारे फ्रेंच डॉक्टर मेनी दगावले. चरित्रकार इथेच रमतात. मला ते अपुरं वाटतं.

खरी कसोटी हार्बिनच्या दफनभूमीत होती. जमीन गोठलेली, २०००हून अधिक प्रेतं उघड्यावर. आणि मृतांना मातीच द्यायची, ही तिथली रीत! पेनांगला जन्मलेल्या, केंब्रिजला शिकलेल्या या ३१ वर्षांच्या डॉक्टरने राजदरबाराकडून परवानगी मिळवली. जानेवारी १९११मध्ये प्रेतं जाळली. मार्चपर्यंत हार्बिनमधली साथ थांबली.

निर्णय योग्यच. पण नातेवाइकांचं काय? विचारायला वेळ होता का, हाही प्रश्नच. आपल्याकडे बहुतेकांना दहन सवयीचं. म्हणून मंडळी, त्यांचा घाव आपल्याला चटकन कळत नाही.