झेलून फेकणारं चाक

बर्फ हटवायचा म्हणजे ढकलायचा, हे आपण गृहीतच धरतो. एकोणिसाव्या शतकातल्या उत्तर अमेरिकेच्या रेल्वेवाल्यांनीही तेच धरलं होतं. इंजिनापुढे पाचरीसारखा लोखंडी फाळ बांधायचा, मागून आणखी इंजिनं जोडायची आणि दौडत जाऊन ढिगावर धडक मारायची. ताज्या, भुसभुशीत बर्फाला हे पुरतं. त्याचं वजन घनमीटरला शंभर किलोच्या आसपास. पण डोंगरातल्या खिंडीत वाऱ्याने दाबून बसवलेला बर्फ तीनशे-चारशे किलोंवर जातो. त्याला धडक दिली की तो आणखी दबतो, आणखी कडक होतो आणि शेवटी फाळ स्वतःच आपल्यापुढे भिंत उभी करून अडकून बसतो. रोटरी या नावाने ओळखलं जाणारं यंत्र या बर्फाच्या वाटेला वेगळ्या रीतीने जातं. ते त्याला कापतं, झेलतं आणि भिरकावतं. या तीन क्रिया एकाच चाकात कशा मावल्या, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

कल्पना प्रथम मांडली ती टोरांटोच्या एका दंतवैद्याने, जे. डब्ल्यू. एलियट यांनी, १८६९ मध्ये. फिरत्या पात्याने कठीण वस्तू कोरायची आणि कोरलेलं लगेच बाहेर काढायचं, हे दंतवैद्याला सुचावं याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे ऑंटारिओतल्या ऑरेंजव्हिलच्या ऑरेंज जल यांनी कल्पनेला आकार दिला, तिथल्याच लेस्ली बंधूंनी यंत्र घडवलं आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात टोरांटोच्या पार्कडेल यार्डात त्याची चाचणी झाली. त्या पहिल्या यंत्रात चाकं दोन होती: पुढचं कापणारं, आणि त्यामागे उलट दिशेने फिरणारा, फेकणारा पंखा. नंतर हक्क लेस्लींकडे गेले, न्यू जर्सीतल्या पॅटरसनच्या कुक कारखान्यात यंत्रं तयार होऊ लागली आणि दोन चाकांचं एक चाक झालं. काम तेच ठेवून निम्मं लोखंड गाळायचं, ही हिंमत कारागिराला पहिल्या खेपेला होत नाही. आपण काय केलंय ते नीट उमगल्यावरच ती येते.

आता हे एकटं चाक समोरून पाहा. व्यास साधारण नऊ फूट. ते पंख्यासारखं दिसतं, आणि पाहणारा फसतो तो इथेच. पंख्याची वाटणारी ती पाती म्हणजे खरं तर आसापासून कडेकडे रुंद होत गेलेले पोकळ शंकू आहेत. प्रत्येक शंकूला पुढच्या अंगाला लांबट फट आणि फटीच्या दोन्ही काठांना बिजागरीवर बसवलेली एकेक सुरी. चाक उजवीकडे फिरू लागलं की बर्फाच्याच दाबाने एक सुरी बाहेर झुकून धार धरते आणि तिची जोडीदारीण आत मिटते. डावीकडे फिरवलं की दोघी भूमिका बदलतात. त्यासाठी माणसाने हात लावायचा नाही, स्क्रू पिळायचा नाही. ज्या बर्फाला कापायचं, तोच सुरीला कोन देतो.

कापलेला काप फटीतून शंकूच्या पोटात पडतो. आपल्याकडची कडबाकुट्टी ज्यांनी चालताना पाहिली आहे, त्यांना ही जोडी ओळखीची वाटेल: धार आणि झोत एकाच चाकावर. फरक एवढाच की इथे कापलेला माल लगेच उडून जात नाही. चाकाभोवतीच्या पत्र्याच्या घेरामुळे तो शंकूतच कोंडलेला राहतो, चाकाबरोबर गरगरतो, वेग घेतो आणि वर मोकळं तोंड आलं की सुटतो. मिनिटाला दीडशे फेरे धरून हिशेब केला, तर नऊ फुटी चाकाच्या कडेचा वेग ताशी सुमारे ७८ किलोमीटर येतो. म्हणून खिंडीच्या कडेपलीकडे उडणारी ती पांढरी कमान एवढी भरीव दिसते. गोफणीचंच तत्त्व हे. पण गोफणीला सोडायचा क्षण साधावा लागतो, आणि इथे तो पत्र्यात कायमचा कापून ठेवलेला आहे.

वरच्या तोंडावरचं टोपण डावीकडे किंवा उजवीकडे वळवता येतं. वाऱ्याच्या तोंडावर फेकलं तर सगळं पुन्हा रुळांवर येऊन पडेल. डोंगराच्या अंगाला फेकलं तर तिथून घसरेल. म्हणून बाजू बदलता यायला हवी, आणि बाजू बदलायची तर चाकाची फिरायची दिशाही बदलायला हवी. त्या दुहेरी सुऱ्या कशासाठी होत्या, ते आता उलगडतं. मघाशी हौस वाटलेली गोष्ट इथे गरज ठरते.

चाक गोल आहे, पण त्याच्या मागे उरणारी वाट चौकोनी असते. याचं श्रेय चाकाभोवतीच्या लोखंडी चौकटीला. तिचे कोपरे आतल्या बाजूला उतरते केलेले आहेत. चाक जिथे पोहोचत नाही तिथला बर्फ ते सुपासारखे गोळा करून आत लोटतात. त्यामागे रुळांच्या कडेचा गोठलेला थर खरवडणारे कातरे. फाट्यापाशी ते वर उचलून घ्यायचे, नाहीतर रूळच ओरबाडायचे.

सगळ्यात खोल विचार मात्र न दिसणाऱ्या जागी आहे. एवढा मोठा बॉयलर, दोन सिलिंडरांचं इंजिन, आणि तरी बहुतेक रोटरी यंत्रं स्वतःहून इंचभरही सरकत नाहीत. सगळी वाफ बेव्हल गिअरमधून चाकाला. पुढे जायचं काम मागून ढकलणाऱ्या इंजिनांचं. प्रथम हे अपुरेपण वाटतं. पण समजा, चाक आणि गाडी एकाच दोरीने बांधली असती, तर जड बर्फ लागताच गाडी मंदावली असती आणि तिच्याबरोबर चाकही. नेमक्या नको त्या वेळी. वेगळेपणामुळे गाडी मुंगीच्या पावलाने सरकली तरी चाक पूर्ण जोमात फिरत राहतं. स्वित्झर्लंडच्या बर्निना मार्गासाठी विंटरथूर इथे १९१० आणि १९१२ मध्ये बांधलेल्या यंत्रांना चालण्याची स्वतःची शक्तीही होती. पण तिथेही रचनाकारांनी एका बॉयलरवर दोन स्वतंत्र इंजिनं बसवली: एक चाकासाठी, एक चालण्यासाठी. दोन वेग वेगळे ठेवायचे, हे सूत्र त्यांनीही मोडलं नाही.

हे सूत्र कानांनीही ओळखता येतं. मागच्या इंजिनांचे फुत्कार जड, लांब अंतराचे, विलंबितातले. पुढच्या चाकाच्या इंजिनाचे जलद, द्रुतातले. पुढे बसलेल्या माणसाचे कान त्या द्रुतावर. बर्फ घट्ट लागला, ठोका जरा ओढला गेला, की तो शिट्टी देतो आणि मागची मंडळी विलंबित आणखी विलंबित करतात, चाकाची लय पुन्हा जागेवर येईपर्यंत.