बोअर कोण ठरवतं? जुन्या घाटाच्या रायफली आणि खडकीचं काडतूस

मंडळी, इंडिगो सीएस ही गाडी तुम्हाला आठवत असेलच. इथे बसलेल्यांपैकी काहींनी तिचे भाग हाताळलेही असतील. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. अट अशी की पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतच हवं. मग २००८ साली टाटांनी इंडिगोची मागची बाजू आखडून ती चार मीटरच्या आत बसवली. त्या डिकीचा आकार काही कुणा चित्रकाराच्या स्वप्नात आला नव्हता, तो कायद्याच्या कलमातून आला होता. पिंपरी-चाकणच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लोखंडाला आकार देणारे हात अनेक असतात आणि त्यातला एक हात सरकारी असतो.

आजचा विषय शिकारीच्या बोल्ट अॅक्शन रायफलींचा आहे. त्यातही ज्या जुन्या घाटाच्या, थोड्या संख्येने काढल्या जातात, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काळसर निळी नळी, हाताने केलेली नक्षी, अशा रायफलींचा. आणि त्यातली एकच गोष्ट आम्ही तपासणार आहोत, ती म्हणजे त्यांचं कॅलिबर, आपल्या बोलीत बोअर. कोणतं काडतूस त्या नळीत बसायचं, हे कोण ठरवतं आणि का? माहितीपत्रकं वाचली तर वाटतं की हे परंपरेने ठरतं. आमचं म्हणणं असं की परंपरा सगळ्यात शेवटी येते. तिच्या आधी हत्यारखान्याचा हिशेब येतो, काडतूस कुठून मिळणार हा प्रश्न येतो आणि बऱ्याचदा सगळ्यांच्या आधी कायदा येतो.

लंडनच्या रिग्बी कंपनीची ‘हायलँड स्टॉकर’ घ्या. २०१७ला ती आली. आत जर्मनीच्या माउझरची ९८ घाटाची अॅक्शन आणि वर इंग्रजी थाट. बोअर पाच : .२७५ रिग्बी, .३०८, .३०-०६, ८ बाय ५७ आणि ९.३ बाय ६२. ऐकायला ताट भरलेलं वाटतं. पण कॅलिपर घेऊन या पाच काडतुसांच्या बुडाशी जा. पाचांचाही बुडाचा व्यास जवळपास १२ मिलिमीटर! म्हणजे बोल्टचं तोंड एकच, काडतूस ओढून काढणारा पंजा एकच, आणि पाचही एकाच लांबीच्या अॅक्शनमध्ये मावतात. बदलायची ती नळी, चेंबरचा रीमर, तपासणीचे गेज आणि फार तर मॅगझिनमधली किरकोळ गोष्ट. चाकणच्या कुठल्याही टूलरूममधला माणूस म्हणेल, अहो, हे तर एकाच फिक्स्चरवरचे पाच पार्ट नंबर आहेत.

यात वाईट काही नाही. उलट आम्हाला ते शहाणपणाचं वाटतं. थोड्या नगांसाठी वेगळं बोल्टचं तोंड करणं म्हणजे खर्च वाढवणं आणि चुकीची जागा वाढवणं. तक्रार आहे ती एवढीच की हे सरळ सांगितलं जात नाही. सोयीवर वारशाची शाल पांघरली जाते.

या शालीचा सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे .२७५ रिग्बी. हे काडतूस मुळात कुणाचं? माउझरचं. सात मिलिमीटर व्यास आणि सत्तावन्न मिलिमीटर लांबीची केस. स्पेनच्या सैन्याने १८९३च्या रायफलीसोबत ते घेतलं. पुढे १८९९ ते १९०२च्या बोअर युद्धात बोअर लोकांनी याच काडतुसाने इंग्रजांना जेरीला आणलं. (बोअर हे लोक वेगळे आणि नळीचं बोअर वेगळं, गल्लत नको.) मग १९०७च्या सुमारास रिग्बीने त्याला इंग्रजी इंचांत नवं नाव दिलं. शत्रूचं काडतूस, बारसं लंडनला! बरं, आत जाणारी गोळी .२७५ इंचाची नसतेच, ती .२८४ इंचाची असते. आकडा येतो तो नळीतल्या उंचवट्यांमधल्या अंतरावरून. अमेरिकेतल्या रुगर कंपनीने एका वितरकासाठी मोजक्या रायफली काढल्या, तेव्हा त्यांच्यावरही ‘.२७५ रिग्बी’ असंच कोरलं. ७ बाय ५७ असं कोरलं असतं तरी तीच गोळी तशीच गेली असती. पण मोजका माल नावावर विकला जातो.

आणि या नावामागे उभे आहेत जिम कॉर्बेट. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. ह्युएट यांनी त्यांना .२७५ रिग्बी भेट दिली. तीच रायफल आता पुन्हा कंपनीकडे आहे. लोकांच्या डोक्यात असं बसलंय की चंपावतची वाघीण याच रायफलीने मेली. ती तर बक्षीस म्हणून नंतर आली! त्या दिवशी कॉर्बेटच्या हातात .५०० ची रायफल होती, तिची काडतुसं संपली आणि शेवटचा बार झाला तो तहसीलदाराच्या बंदुकीने. पुढे कॉर्बेटने ती हलकी रिग्बी वर्षानुवर्षं वापरली हे खरं. पण वाघासाठी सात मिलिमीटर पुरतं याचा अर्थ ते बोअर वाघासाठी योग्य, असा नाही. तो माणूस कॉर्बेट होता, इतकाच त्याचा अर्थ. आज त्याच्या नावाने ते बोअर घेणाऱ्याला हरणासाठी ते उत्तमच आहे. मऊ धक्का, सरळ जाणारी गोळी. बाकी सगळं गोष्टीचं मोल.

या पाचांत आम्हाला विचाराल तर सगळ्यात प्रामाणिक बोअर ९.३ बाय ६२. बर्लिनच्या ओटो बॉक याने १९०५ साली आफ्रिकेत राहणाऱ्या वसाहतवाल्यांसाठी ते बनवलं. साध्या माउझरमध्ये बसावं, बंदूक परवडावी आणि मोठं जनावर थांबावं. त्याच्या आकड्यात कसलीही ऐट नाही.

आता आपल्याकडे या. भारताचा या जगाशी संबंध काय? फार मोठा आहे, आणि तो कौतुकाचा नाही. १९०७च्या सुमारास ब्रिटिश सरकारने भारतात आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली. कारण हे की मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीची गोळी याच मापाची आणि ती बंडखोरांच्या हाती पडेल ही भीती. लगेच लंडनच्या कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी मापं काढली. आज ज्या .४७० च्या दुनळीकडे संग्राहक डोळे मिटून भक्तिभावाने बघतात, तिचं माप आपल्या पूर्वजांच्या धाकातून आलेलं आहे! हा इतिहास माहितीपत्रकात एका ओळीत येतो आणि त्यातली भीती गाळलेली असते.

तसंच .३०३ चं. ते सैन्याचं माप, म्हणून सामान्य परवानाधारकाला बंद. मग बीएसए कंपनीने इथल्या बाजारासाठी काय केलं? ली-एनफिल्डची तीच अॅक्शन ठेवली आणि काडतूस घेतलं ऑस्ट्रियाचं जुनं मॅनलिकर, ८ बाय ५०. त्याची बुडाची कड .३०३ च्या जवळपासची, त्यामुळे बोल्टला फार हात लावावा लागला नाही. आठ मिलिमीटर म्हणजे .३१५ इंच. झालं, आपलं ‘तीनशे पंधरा’ जन्माला आलं. गोळी सुमारे २४४ ग्रेनची, वेग सेकंदाला साधारण दोन हजार फूट. मंद आणि जड. ज्या साम्राज्यात ते जन्मलं ते ऑस्ट्रिया-हंगेरी १९१८ला संपलं, पण काडतूस भारतात टिकून राहिलं. इंग्रज गेले, ते राहिलंच. इशापूरच्या रायफल फॅक्टरीने ती रायफल पुढे चालवली आणि काडतूस कुठे बनतं? हॅरिस पूल ओलांडून बोपोडी मागे टाका, खडकीत. १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यात.

१९५९चा शस्त्र कायदा आणि १९६२चे नियम आले तेव्हा ब्रिटिशांचाच विचार कायम राहिला. .३०३ आणि ७.६२ ची लष्करी काडतुसं जिच्यात बसतील अशी रायफल निषिद्ध. परिणाम बघा. जगात सगळीकडे सहज मिळणारं .३०८ हे काडतूस इथे चालत नाही, कारण त्या चेंबरमध्ये लष्कराचं ७.६२ बसतं. पण त्याहून थोडं जोरदार .३०-०६ मात्र चालतं! गोळीचा व्यास तोच. सरकारी कारखान्यानेच त्याची रायफल परवानाधारकांसाठी काढली. म्हणजे कायद्याला ताकदीची भीती नाही. भीती आहे ती कोठारातून काडतूस बाहेर जाण्याची. हा विचार चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. पोलिसांकडे .३०३ अगदी २००८ सालीही होत्या, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. मात्र त्याला सुरक्षेचा विचार म्हणायचं तर पुरवठ्याची सुरक्षा असं पूर्ण म्हणावं.

आणि म्हणूनच आमचं थोडं खोडसाळ मत असं की, जगातली खरी ‘क्लासिक’ रायफल लंडनला बनत नाही. तिथे जुनं मुद्दाम घडवलं जातं. आपली .३१५ जुनी आहे कारण तिला नवं होण्याची मुभाच मिळाली नाही. परदेशी रायफलींची आयात ऐंशीच्या दशकापासून सामान्यांना जवळपास बंद, त्यामुळे स्पर्धा नाही. घराण्यात आलेली .२७५ असली तरी काडतुसांची पंचाईत, म्हणून अशा अनेक रायफली भिंतीवर शोभेला. .३१५ टिकली ती गुणांनी नव्हे, खडकीच्या काडतुसाने. एक चिंता मात्र सांगतो. ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळाचं विभाजन होऊन सात कंपन्या झाल्या. खडकीचा कारखाना पुण्यातल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला आणि इशापूर गेलं कानपूरच्या कंपनीकडे. रायफल एका ताळेबंदात, काडतूस दुसऱ्या. उद्या एकाला हा माल परवडेनासा झाला, तर दुसऱ्याचा माल लोखंडाची काठी.

शेवटचा मुद्दा, कारण खेड-मावळकडून आलेली मंडळी समोर दिसताहेत आणि त्यांचा प्रश्न रानडुकराचा आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा छंद इथे संपला. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरावरही वन खात्याच्या परवानगीशिवाय बार काढता येत नाही. शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी सरळ नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं. अनेकांना हा अपमान वाटतो, रायफल का नाही असं ते विचारतात. आम्ही स्वतः इथे .३१५ सुचवणार नाही. तिची चुकलेली गोळी किलोमीटरभर सहज जाते, आणि चाकणच्या आसपास किलोमीटरभरात काय नसतं? एखादी शेड, कामगारांच्या खोल्या, रात्रपाळीची बस. बारा बोअरच्या छऱ्यांचा जोर लवकर मरतो, इथे तोच तिचा गुण. ते काडतूसही खडकीचंच, ‘शक्तिमान’ नावाचं. डोंगराच्या कुशीत, खाली उतारावर मागे मातीचा बांध असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कुठलं बोअर, हे तो बांध पाहिल्याशिवाय व्याख्यानाच्या टेबलावरून सांगता येणार नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्यांनी आधी विचारा.