सापेक्ष दुःख

करुण आणि विप्रलंभ यांतील भेद वर्गांत समजावून देणें हें माझ्या अध्यापनांतील एक जुनें दुखणें आहे. दोहोंतहि अश्रु आहेत, दोहोंतहि निःश्वास आहेत, दोहोंतहि नायिका अन्न टाकते आणि चंद्राला बोल लावते. मग एक शोकाचें अपत्य आणि दुसरें रतीचें, असें कां मानावें? भरतानें याचें उत्तर दोन शब्दांत देऊन ठेविलें आहे. करुण हा निरपेक्ष भाव, विप्रलंभ हा सापेक्ष. पुन्हा भेट होईल ही अपेक्षा जोंवर शिल्लक आहे तोंवर तें दुःख विरहाचें. ती तुटली कीं तेंच दुःख शोकाचें होतें. उत्तर बिनतोड खरें. परंतु ज्या पिढीला खिशांतल्या यंत्रावर वाटेल त्या घटकेस वाटेल त्याचें मुखदर्शन घडतें, तिच्या गळीं विरह उतरविणें कठीण जातें.

गेल्या पावसाळ्यांत मात्र आमच्या पनवेलच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या गळीं तो उतरला, आणि तोहि अगदीं आडवाटेनें. हा मुलगा मूळचा गोव्यांतील डिचोलीचा. मामाच्या घरीं राहून शिकतो आणि चतुर्थीला कोंकण रेल्वेनें गांवीं जातो. तास संपल्यावर तो टेबलापाशीं येऊन म्हणाला, "सर, २०१५ सालीं आमचा धेंपो क्लब रेलिगेट झाला तेव्हां बाबा दोन दिवस कुणाशीं बोलले नाहींत, पण तिसऱ्या दिवशीं कागद-पेन्सिल घेऊन पुढल्या मोसमाचा हिशेब मांडायला बसले. दुसऱ्या वर्षीं क्लब जिंकून वर आला, आणि लगेच राष्ट्रीय लीगच सोडून बाहेर पडला. तेव्हां बाबा रागावलेसुद्धां नाहींत. फक्त फुटबॉलचें नांव काढीनासे झाले. मग पहिला विप्रलंभ आणि दुसरा करुण, असेंच ना?"

"अगदीं बरोबर," म्हणून मी त्याची पाठ थोपटली आणि घरीं येऊन विचारांत पडलों. आमचा रायगड जिल्हा कबड्डीचा. फुटबॉलविषयींचें माझें ज्ञान वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानापलीकडे कधीं गेलें नव्हतें. त्या मुलाच्याच सांगण्यावरून मग 'सनदरलंड टिल आय डाय' ही इंग्रजी चित्रमालिका पाहिली आणि आपल्या इकडील क्लबांचा गेल्या दहा-बारा वर्षांचा इतिहास वाचून काढला. खेळावर रसचर्चा लादणें हा कित्येक वाचकांस पांडित्याचा अतिरेक वाटेल. वाटो. ज्या भावनेपायीं हजारों माणसें वर्षानुवर्षें पैसा, झोंप आणि रविवार खर्चीं घालतात ती साहित्यशास्त्राच्या कक्षेबाहेरची असेल, तर उणेपणा शास्त्राच्या पदरीं जातो.

ज्यांना हा प्रकार परिचयाचा नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा. इंग्लंडांत क्लबांच्या स्पर्धा एकावर एक रचलेल्या श्रेणींत चालतात. मोसमाच्या अखेरीस वरिष्ठ श्रेणींतले शेवटचे तीन क्लब खालच्या श्रेणींत उतरतात आणि तितकेच खालून वर चढतात. या उतरण्याला रेलिगेशन म्हणतात. ईशान्य इंग्लंडांतील सनदरलंड क्लब सलग दहा मोसम वरिष्ठ श्रेणींत काढून २०१७ सालीं खालीं आला. पुढील मोसम परत चढण्याचा, या भरंवशानें निर्मात्यांनीं कॅमेरा लावला (ते स्वतः त्याच क्लबाचे भक्त). आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यांदेखत क्लब त्याहि श्रेणींत शेवटचा येऊन आणखी एक पायरी घसरला. मालिकेचा पहिला खंड २०१८ च्या डिसेंबरांत प्रदर्शित झाला, म्हणजे शेवट काय होणार हें प्रेक्षकाला आधींच ठाऊक, आणि पडद्यावरच्या माणसांना ठाऊक नाहीं. ग्रीक शोकांतिकेचा प्रेक्षक याच आसनावर बसत असे.

आरंभ चर्चमध्यें होतो. धर्मगुरु क्लबासाठीं देवाची करुणा भाकतो आणि जमलेला समाज गंभीरपणें माना लववितो. या एका दृश्यांत मला निर्मात्यांची खरी प्रतिभा दिसली. त्यांत विनोद आहे आणि उपहासाचा लेशहि नाहीं. पुढें मोसमाच्या प्रारंभीं चाहत्यांच्या मनांत जे भाव येऊन जातात ते कोणाहि विद्यार्थ्यानें विप्रलंभाच्या व्यभिचारी भावांशीं ताडून पाहावे. शंका, असूया, चिंता, औत्सुक्य, निर्वेद, सारे आपापल्या जागीं हजर आहेत. शिवाय एक असा भाव आहे कीं त्याला शास्त्रांत नांव नाहीं. खालच्या श्रेणींत गेलों, आतां निदान जिंकूं तरी, असा एक चोरटा आनंद. आणि तो झाल्याबद्दलची लाज. वरच्या श्रेणींत वर्षभर मार खाणाऱ्या माणसाला खालीं येतांना थोडें हलकें वाटतें हें तो दुसऱ्याजवळ कबूल करीत नाहीं. डिचोलीच्या त्या गृहस्थांच्या कागद-पेन्सिलीमागेंहि हा चोरटा आनंद थोडासा असावा, असा माझा तर्क आहे.

इतकें असूनहि या मालिकेंत एक मोठा रसदोष राहिला आहे. सनदरलंड हें एके काळीं जहाजें बांधणारें आणि कोळसा काढणारें शहर. जहाजबांधणीचा शेवटचा कारखाना १९८८ सालीं बंद पडला, वेअरमथची कोळशाची खाण १९९३ सालीं. आणि क्लबाचें आजचें मैदान, जें १९९७ सालीं उघडलें, तें त्या खाणीच्याच जागेवर उभें आहे. निर्माते हा इतिहास पुनःपुन्हा पुढें आणतात. मालिकेच्या शीर्षकगीताचें नांवहि जहाजांच्या कारखान्यांवरूनच आहे. परिणाम असा होतो कीं, कारखाने गेले तसाच क्लबहि चालला, असें प्रेक्षकाच्या मनावर ठसतें आणि तो दोन्ही दुःखांवर एकच अश्रु ढाळतो. हीं दुःखें एका जातीचीं नाहींत. कारखाने परत यावयाचे नव्हते; क्लब येऊं शकत होता. ज्यांच्या आयुष्यांत दोन्ही दुःखें आलीं त्या सनदरलंडकरांना हा भेद निर्मात्यांपेक्षां अधिक कळतो. एप्रिलमध्यें रडलेला माणूस पुढल्या वर्षाचें तिकीट काढतो तें भाबडेपणानें, असें पाहणाराला वाटतें. पण त्याचा हिशेब चोख असतो. तिसऱ्या श्रेणींत चार मोसम काढून, २०१९ सालीं वेम्ब्लीच्या मैदानावर शेवटच्या क्षणीं हार खाऊन, सनदरलंड २०२२ सालीं एक पायरी चढला आणि २०२५ सालीं पुन्हा वरिष्ठ श्रेणींत दाखल झाला. विरह आठ वर्षांचा झाला. पण तो विरहच होता.

ही अपेक्षा चाहत्याच्या स्वभावांतून उपजते असें सामान्यतः समजलें जातें. मला तें पटत नाहीं. बाणभट्टाची महाश्वेता आठवावी. पुंडरीकाच्या मृत्यूनंतर ती अच्छोद सरोवराच्या तीरीं प्राण धरून राहिली ती आकाशवाणीच्या आधारावर. साहित्यदर्पणकार विश्वनाथानें या प्रसंगाला करुणविप्रलंभ म्हटलें, आणि एक मार्मिक गोष्ट नोंदवून ठेविली कीं, आकाशवाणी होईपर्यंत येथें निव्वळ करुण होता, शृंगार सुरू झाला तो तिच्यानंतर. मृत्यु तोच, नायिका तीच. मध्यें एक वचन मिळालें. खालच्या श्रेणींत पहिला ये म्हणजे तुला वर घेऊं, हा नियम चाहत्याची आकाशवाणी आहे. इंग्लंडांत ती सहसा खोटी ठरत नाहीं, म्हणून तेथला चाहता दोनदां पडूनहि तिसऱ्यांदा उभा राहतो.

आतां गोव्याकडे वळूं. आय-लीग या नांवानें राष्ट्रीय स्पर्धा २००७-०८ पासून खेळली जाऊं लागली. तिचीं पहिलीं सहा अजिंक्यपदें गोव्याबाहेर गेलींच नाहींत: तीन धेंपोला, दोन चर्चिल ब्रदर्सला, एक साळगांवकरला. त्यापूर्वींच्या राष्ट्रीय लीगचीं दोन धरून धेंपोचीं अजिंक्यपदें पांच, आणि तीं पांचहि आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखालीं. निरपेक्ष दुःख कसें असतें तेंहि या क्लबाच्या भक्तांना ठाऊक होतें. ५ डिसेंबर २००४ रोजीं बंगळूर येथें फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यांत संघाचे दोन्ही गोल करणारा क्रिस्तियानो ज्युनियर हा ब्राझिलियन खेळाडू दुसरा गोल करतांना गोलरक्षकावर आदळला आणि गतप्राण झाला. चषक गोव्याला आला. त्या दिवशीं पुढल्या मोसमाचा हिशेब कोणी मांडला नसेल.

२०१५ सालच्या घसरणीची गोष्ट जरा चमत्कारिक आहे. अकरा क्लबांत धेंपो दहावा होता. अकरावा पुण्याचा भारत एफ. सी.; परंतु त्याला थेट प्रवेश दिलेला असल्यामुळें खालीं उतरविण्यापासून सूट होती. म्हणून दहावा पडला. पुढल्या मोसमांत हेंच पुन्हा घडलें: शेवटचा आला पुण्याचाच डी. एस. के. शिवाजियन्स, त्यालाहि सूट, आणि पडला त्याच्या वरचा मिझोरामचा ऐझॉल. या दोन पुणेकर क्लबांचें पुढें काय झालें? भारत एफ. सी. तो एकच मोसम खेळून विसर्जित झाला. शिवाजियन्सनें २०१७ सालीं लीग सोडली. ज्यांना पडण्याचें भय नव्हतें त्यांचे चाहते जमण्यापूर्वींच ते नाहींसे झाले. पुण्याला उणें बोलण्याची हौस मला नाहीं (माझें शिक्षण तेथेंच झालें), परंतु ज्या नाटकांत नायकाला संकटापासून सूट आहे तें नाटक दुसऱ्या अंकापलीकडे सहसा चालत नाहीं.

धेंपोनें मात्र चाहत्यांची अपेक्षा अक्षरशः पुरी केली. २०१५-१६ च्या मोसमांत द्वितीय श्रेणी जिंकून तो वर येण्यास पात्र झाला. नेमक्या त्याच उन्हाळ्यांत राष्ट्रीय महासंघानें नवी योजना मांडली: २०१४ पासून चालणारी इंडियन सुपर लीग ही वरिष्ठ, आणि आय-लीग तिच्या खालची. वर चढण्याचें वचन पाळलें गेलें, पण जो मजला वरचा म्हणून सांगितला होता तोच खालचा ठरविण्याचें घाटूं लागलें. आणि नव्या वरच्या मजल्याला त्या काळीं जिनाच नव्हता, कारण तेथून कोणी उतरत नसे आणि तेथें कोणी चढतहि नसे. साळगांवकर, स्पोर्टिंग क्लब दि गोवा आणि धेंपो, तिघेहि निषेध म्हणून आय-लीगमधून बाहेर पडले. हा निषेध न्यायाचा होता असेंच मला वाटतें. परंतु तो करतांना ज्यांनीं वर्षभर खालच्या श्रेणीचे सामने मोजले त्यांचें मत कोणी घेतलें नाहीं, आणि त्यांच्या हातीं पुढला मोसम उरला नाहीं. सनदरलंडचा चाहता हरून सापेक्ष राहिला; धेंपोचा जिंकून निरपेक्ष झाला. माझ्या वाचनांत असा रसविपर्यय दुसरा नाहीं.

गोवेकर निघून गेल्यानें जागा रिकाम्या झाल्या आणि पडलेल्या ऐझॉलला परत बोलावण्यांत आलें. तो ऐझॉल ३० एप्रिल २०१७ रोजीं, मोहन बागानला एका गुणानें मागें टाकून, देशाचा विजेता झाला. पतनानंतरच्या मोसमांत याहून अधिक कोणत्याहि चाहत्यानें स्वप्नांतहि मागितलें नसतें. प्रशिक्षक होते खालिद जमील, जे त्यापूर्वीं सात वर्षें मुंबई एफ. सी. चे प्रशिक्षक होते. आणि त्याच मोसमांत शेवटचा कोण आला? मुंबई एफ. सी. २००७ सालीं स्थापन झालेला हा क्लब त्या पतनानंतर बंदच करण्यांत आला. एखाद्या कादंबरीकारानें हें रचलें असतें तर त्यावर योगायोगाच्या अतिरेकाचा आरोप मीच पहिल्यानें केला असता.

आमच्या ग्रंथालयांतील एक सहकारी त्या काळीं पनवेलहून हार्बरची गाडी धरून कूपरेजवर सामने पाहावयास जात. मी त्यांना मुद्दाम विचारलें कीं, क्लब पडला तेव्हां पुढल्या मोसमाकडून आपली काय अपेक्षा होती? पुस्तकावर शिक्का मारतां मारतां ते म्हणाले, "तो असेल, एवढीच." एवढी लहान अपेक्षाहि जेथें पुरी होत नाहीं तेथें चाहते टिकत नाहींत अशी ओरड करण्यांत काय अर्थ? आपल्याकडे फुटबॉलला प्रेक्षक नाहीं हें वाक्य मीं अनेकदां वाचलें आहे. महाश्वेतेला आकाशवाणी ऐकवावयाची, ती तीरावर बसली कीं सरोवरच बुजवून टाकावयाचें, आणि मग तिच्या निष्ठेला नांवें ठेवावयाचीं, त्यांतलाच हा प्रकार.

धेंपो दरम्यान गोव्याच्या स्थानिक लीगमध्यें खेळत राहिला. २०२३-२४ मध्यें त्यानें पुन्हा खालच्या राष्ट्रीय श्रेणींतून वर येण्याचा मान मिळविला आणि २०२४-२५ चा मोसम तो आय-लीगमध्यें खेळला. येथेंहि आठ वर्षें. मागें वळून पाहणारा टीकाकार या सर्व कथेला आतां करुणविप्रलंभ असें नांव देऊं शकेल. मात्र तें नांव आज देतां येतें, २०१६ सालीं डिचोलीच्या त्या घरांत देतां आलें नसतें. तेथें कसलीहि आकाशवाणी झाली नव्हती.

दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा परत आला तेव्हां मी त्याला त्याच्या वडिलांविषयीं विचारलें. क्लब परत आल्यावर ते पुन्हा सामन्यांना जातात काय?

"जातात, सर. मला घेऊन जातात. पण सामना संपला कीं नुसते स्कूटरला किक मारतात. पुढल्या वर्षाचें अजून कांहीं बोलत नाहींत."