वळिवडेच्या छावणीचे दोन इतिहास

निर्वासित म्हटले की आपल्याला १९४७ आठवते. पण त्याच्या पाच वर्षे आधी पोलंडची मुले वांद्र्यात येऊन राहिली होती, हे आम्हा उपनगरवासीयांना कुणी सांगितले नव्हते. अनुराधा भट्टाचारजी यांच्या ‘द सेकंड होमलँड’ (२०१२) या इंग्रजी संशोधनग्रंथाने ही उणीव भरून काढली आहे.

सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ साली पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या माणसांची ही कहाणी. सैबेरिया, मध्य आशिया, इराण असे हाल सोसत ती हिंदुस्थानात पोहोचली. वांद्र्याची मुले जामनगरजवळच्या बालाचडीला गेली. पुढे १९४३पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश राहिले. त्यांत बहुतेक बायका-मुलेच.

या ग्रंथाचे खरे मोल मात्र वेगळे आहे. ‘ब्रिटिशांनी आसरा दिला’ असे आपण सरसकट म्हणतो. लेखिका दप्तरांच्या आधारे दाखवते, की बालाचडीच्या मुलांसाठी पुढाकार जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी घेतला आणि खर्चाचा भार हिंदी देणग्यांनी उचलला. हिंदुस्थान काही तटस्थ देश नव्हता; त्याला न विचारताच युद्धात ओढले होते. १९४३ साली तर बंगालात माणसे भुकेने मरत होती. अशा पारतंत्र्यातल्या देशाने परक्या लेकरांना घास दिला, ही साधी गोष्ट नव्हे.

तरीही एक उणीव नमूद करावीशी वाटते. पोलिश स्त्री-पुरुषांच्या आठवणी मन हेलावून टाकतात; पण छावणीच्या शेजारपाजारचा मराठी माणूस या पानांत फारसा बोलत नाही. यजमान मुकाच राहतो.

आणि कहाणी तिथे संपत नाही. पोलिश १९४८पर्यंत निघून गेले. त्याच जागी फाळणीचे सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते हेच. गेलेल्या पाहुण्यांचा स्मृतिस्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात उभा आहे. जे राहिले, शेजारी झाले, त्यांनी तिथे पहिली चूल कशी पेटवली, हे कोण लिहिणार? आमच्या मुलुंड कॉलनीतही फाळणीनंतर निर्वासितच वसले. त्या पिढीतले आता थोडेच उरले आहेत. भट्टाचारजींनी देशोदेशी विखुरलेली म्हातारी माणसे गाठली. आपल्याला तर लोकलचे तिकीट पुरे आहे.