‘एकतर्फी’ या शब्दाबद्दल, बॅक नंबर ऐकताना

जपानीत ‘काताओमोई’ असा एक शब्द आहे. ‘काता’ म्हणजे जोडीतलं एक आणि ‘ओमोई’ म्हणजे मनातली भावना. चपलांच्या जोडातली एकच चप्पल घरी आली तर जसं वाटेल, तसा काहीसा हा शब्द आहे. आपण त्याचं मराठी ‘एकतर्फी प्रेम’ असं करतो आणि तिथेच गोची होते. कारण हा शब्द आपल्याला कवितेपेक्षा पेपरातच जास्त भेटतो. ‘एकतर्फी प्रेमातून’ असं वाचलं की पुढे चाकू, ॲसिड किंवा हल्ला येणार हे मथळा संपायच्या आधीच कळतं. माझ्या वयाच्या मुलींना तर नक्कीच कळतं.

म्हणून बॅक नंबर हा जपानी रॉक बँड ऐकायला लागले तेव्हा मी जरा सावध होते. यांचा सगळा डोलारा या काताओमोईवर उभा आहे. २००४ साली गुन्मा प्रांतात गायक-गिटारिस्ट इयोरी शिमिझुने हा बँड सुरू केला. आज त्याच्यासोबत बासवर काझुया कोजिमा आणि ड्रम्सवर हिसाशी कुरिहारा आहेत. नावामागची गोष्ट प्रसिद्ध आहे. शिमिझुची मैत्रीण त्याला सोडून दुसऱ्या एका बँडवाल्याकडे गेली. तेव्हा त्याला वाटलं, तिच्या लेखी आपण आता मासिकाचा जुना अंक झालो. जुन्या अंकाला म्हणतात बॅक नंबर. सूड म्हणून बँडला काहीतरी भयंकर नाव देता आलं असतं, पण याने आपल्याच अंगावर ‘शिळा’ असा शिक्का मारून घेतला.

त्यांचं ‘ताकाने नो हानाको-सान’ हे गाणं घ्या. जपानीत ‘ताकाने नो हाना’ म्हणजे उंच शिखरावरचं फूल, आपल्या हाताला कधीच न लागणारं. त्या ‘हाना’ला एक ‘को’ जोडला की ‘हानाको’ हे मुलीचं नाव होतं, आणि नावही कसं, तर फॉर्मच्या नमुन्यात छापतात तसलं अगदी सर्वसाधारण. म्हणजे शिखरावरची अप्सरा प्रत्यक्षात शेजारच्या वर्गातली कुणीतरी आहे. गाणं चांगलं नाचरं, उन्हाळी आहे. निवेदक तिच्या मित्राचा मित्र, बस्स एवढाच. तो तिच्या मागे जात नाही, तिचा नंबर मिळवत नाही. घरी बसून तिच्या होणाऱ्या बॉयफ्रेंडची कल्पना करत बसतो. तो वयाने मोठा असेल, उन्हात रापलेला असेल, इंग्रजी गाणी ऐकत असेल. अस्तित्वातच नसलेल्या माणसाकडून हरायचं, तेही इतक्या तपशिलात!

हे गाणं आलं जून २०१३ मध्ये. त्याच महिन्यात आपल्याकडे ‘रांझणा’ लागला होता. त्यातला कुंदन शाळकरी वयात झोयासमोर मनगट कापतो, नंतर वर्षानुवर्षं तिच्या आयुष्यात घुसत राहतो, आणि थिएटर त्याच्यासाठी हळहळतं. दोन्हीकडे एकतर्फीच, पण कुंदनचं प्रेम झोयाकडून वसुली करतं. हानाको-सानला तर पत्ताही नाही की तिच्यावर गाणं झालंय.

जपानीत अशा पुरुषासाठी ‘मेमेशी’ हा शब्द आहे, आपल्या ‘बायकी’, ‘रडका’च्या जवळचा. लिहिताना त्यात ‘स्त्री’चं चिन्ह दोनदा येतं. बॅक नंबरबद्दल बोलताना तो हमखास वापरतात, टीका म्हणून आणि कौतुक म्हणूनही. मला तो शब्द आवडत नाही, पण असं मेमेशी असणं बरंच सुरक्षित आहे, हे मान्य करायला हवं.

तरी मला एक तक्रार करायचीच आहे. या न्यूनगंडात एक छुपा अहंकार आहे. हानाकोला कसा पुरुष आवडेल हे या गड्याने परस्पर ठरवून टाकलंय. तिला विचारलंय कुणी? कदाचित तिला रापलेली कातडी मुळीच आवडत नसेल. ‘हिरोइन’मध्येही (२०१५) तेच. बर्फ पडतोय, आणि ती शेजारी असती तर काय काय घडलं असतं याची तो यादी करतो. गाणं देखणं आहे, पण ती कुठे आहे? तिचं हसणं, अडखळणं, हात धरणं सगळं त्याच्या डोक्यात. मिस्टर चिल्ड्रनच्या गाण्यांमुळे नावाजलेला निर्माता ताकेशी कोबायाशी इथे व्हायोलिनचे असे ढग आणतो की आपल्याला प्रश्न विचारायची फुरसतच मिळत नाही.

त्याच वर्षीचं ‘ख्रिसमस साँग’ मला जास्त प्रामाणिक वाटतं. जपानमध्ये ख्रिसमसची संध्याकाळ म्हणजे जोडप्यांचा सण, एकट्या माणसाला बाहेर पडणं नकोसं करणारा. इथला निवेदक पूर्ण गाणंभर टाळाटाळ करतो, चिडतो, स्वतःवरच वैतागतो. शेवटी आपण पाल्हाळ लावलंय हे त्यालाच कळतं आणि मग तो एका छोट्या वाक्यात सांगून मोकळा होतो. तिचं उत्तर काय, ते गाण्यात नाही, आणि त्याने ते गृहीतही धरलेलं नाही.

आणि मग ‘हॅपी एंड’ (२०१६). इथे शिमिझु स्त्री होऊन गातो. मराठीत ‘मी जाते’ म्हटलं की गायकाचं लिंग क्रियापदातच उघडं पडतं. जपानी क्रियापद तसं चुगली करत नाही. सर्वनाम आणि वाक्याच्या शेवटचे छोटे प्रत्यय यांवरून ती बाई आहे हे कळतं. ज्या सिनेमासाठी हे गाणं केलं, त्यात क्योतोमध्ये भेटलेल्या दोघांचा काळ उलट्या दिशांनी चालतो. त्याचा पहिला दिवस तो तिचा शेवटचा. त्यामुळे सगळं आधीच ठाऊक असण्याचं ओझं तिच्यावर. गाण्यात ती निरोपाच्या वेळी आपण ठीक असल्याचं त्याला पटवत राहते, आणि आवाज मात्र तिचं खोटं पकडून देतो. शिमिझु वरच्या पट्टीत जरासा फाटतो ना, तिथे. इतकी वर्षं जिच्याबद्दल गाणी झाली तिला इथे एकदाचं स्वतःचं मन मिळालं. गंमत म्हणजे, तीही त्याच्यासारखीच निघाली, खरं ते न सांगणारी.

तुम्ही नव्यानेच ऐकणार असाल तर मात्र २०११च्या ‘हानाताबा’पासून, म्हणजे ‘पुष्पगुच्छ’पासून सुरुवात करा. हे त्यांचं मोठ्या कंपनीकडचं दुसरं सिंगल. त्यात दोन माणसं चक्क एकमेकांशी बोलतात. आपलं पुढे टिकेल का, असा प्रश्न येतो, आणि उत्तर अगदी गुळमुळीत मिळतं. टिकण्याची खात्री कुणीच देत नाही. इथला मुलगा सुद्धा स्वतःवर फारसा खूश नाही, पण समोर बसलेली मुलगी काय म्हणतेय ते त्याला ऐकू येतंय.