शब्दप्रमाण आणि ब्लॉग

ब्लॉग आला तेव्हा दोन सूर ऐकू येत. एक म्हणे, माहितीवरची मक्तेदारी संपली. दुसरा म्हणे, संपादक नाही, पडताळणी नाही, कोणीही उठावं आणि लिहावं! दोघांचंही लक्ष 'लिहितो कोण' याकडे होतं. आम्हांला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो वाचणाऱ्याचा प्रश्न: हे लिहिलेलं आपण कशाच्या आधारावर मानायचं?

'वेबलॉग' हा शब्द १९९७ सालचा. १९९९ मध्ये त्याचा 'ब्लॉग' झाला. त्याच वर्षी 'ब्लॉगर' ही सेवा निघाली आणि तांत्रिक ज्ञान नसलेल्यालाही वेबवर लिहिणं सोपं झालं. आता २००३ चं बगदाद घ्या. 'सलाम पॅक्स' या टोपणनावाने एक इराकी तरुण इंग्रजीत ब्लॉग लिहीत होता. युद्धाची चाहूल, मग बॉम्बहल्ले, आणि त्यातच चाललेलं रोजचं जगणं. जगभर लोक वाचत होते आणि शंकाही घेत होते, की हा माणूस खरा आहे का? कुणाचा हेर तर नाही? युद्धानंतर 'गार्डियन'ने त्याला शोधून काढलं. गंमत बघा, अमेरिकन पत्रकार पीटर मास यांच्याकडे दुभाष्याचं काम केलेला तरुण तोच निघाला. सोबत काम करत असताना मास यांना याचा पत्ताच नव्हता!

न्यायदर्शनात विश्वासार्ह माणसाच्या सांगण्याला शब्दप्रमाण म्हणतात. असा माणूस म्हणजे 'आप्त'. आप्त कोण? वात्स्यायनाचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखंच लागू, असंही तो बजावतो. म्हणजे पद, पदवी, कुळ इथे चालत नाही. या कसोटीवर बगदादचा निनावी तरुणही आप्त ठरू शकतो.

पण ठरवायचं कसं? एका नोंदीवरून नाही. त्याच्या जुन्या नोंदी वाचून, त्या एकमेकींशी जुळतात का, इतरांच्या बातम्यांशी जुळतात का, हे पाहूनच. ब्लॉगचं खरं बळ या साठलेल्या नोंदींत आहे. आणि आमचा आक्षेपही इथेच आहे. ब्लॉगची मांडणी उलट्या कालक्रमाची असते, नवं वर, जुनं खाली. ज्या मजकुरावरून लेखकाची पारख व्हायची, तोच नजरेआड होतो. माहितीची किंमत तिच्या ताजेपणावर ठरू लागते.

पुढे मोबाईलवरच्या फॉरवर्डने तर कडेलोट केला. तिथे जुन्या नोंदी नाहीत आणि बहुतेकदा लेखकही नाही. मग आप्त शोधायचा कुठे? आपण तो संदेश पाठवणाऱ्या भावाला, मेहुण्याला, शेजाऱ्यालाच आप्त मानून बसतो. त्यांची सांगण्याची इच्छा प्रामाणिक असते हो, पण ती गोष्ट त्यांनी स्वतः जाणलेली असते का? हे विचारल्यावाचून पुढे पाठवलेला मजकूर शब्द असेल, प्रमाण नव्हे.